क्यूचा खण

रविवारी सकाळी सूनबाई जेवणाच्या टेबलाशी सात सोंगट्या मांडून बसली होती आणि त्या सातांतल्या एकीनं तिच्या नाकी नऊ आणले होते. त्या सोंगटीवर क्यू होता.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाकडे इंग्रजी अक्षरांच्या सात सोंगट्या. त्यांतून शब्द जुळवायचा आणि पटावर आधीच्या शब्दाला जोडून आडवा किंवा उभा लावायचा. सोप्या अक्षरांना एकेक गुण, अडेलतट्टू अक्षरांना जास्त. क्यू आणि झेडला दहा-दहा. म्हणजे लागला तर लॉटरी, नाहीतर गळ्यात धोंडा.

"क्यू असलेला एखादा शब्द सांग ना," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा स्टुलावर उभा राहून पंख्याची वायर बदलत होता. तो इलेक्ट्रिशियन, आठवडाभर लोकांचे पंखे आणि रविवारी घरचा. "माझ्याकडे शब्द मागू नकोस," तो वरूनच म्हणाला. "फ्यूज माग, होल्डर माग, लगेच देतो."

सूनबाई एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिथली नर्स आणि ती दुपारच्या सुट्टीत हा खेळ खेळायच्या. अडलं की मोबाइल होताच. त्यात नुसतं लिहायचं, 'झेड असलेले पाच अक्षरी शब्द', की भराभर यादी हजर. पण आता सार्वजनिक वाचनालयानं जोड्यांची स्पर्धा ठेवली होती आणि तिथे मोबाइल दारातच जमा करायचा होता. हे कमी होतं म्हणून की काय, नर्सबाई अचानक लेकीच्या बाळंतपणाला निघाली. तीन आठवड्यांवर स्पर्धा आलेली, जोडीदार नाही आणि शब्दही नाहीत.

"मोबाइल नसला की माझं डोकं म्हणजे भूल दिलेली जीभ," ती पुटपुटली. "आहे, पण उपयोग नाही."

"एस, क्यू, यू, आय, एल, एल."

आवाज खिडकीकडून आला. तिथे तिचे सासरे, म्हणजे आबा, वर्तमानपत्र वाचत बसले होते. वर्तमानपत्र खाली न करता त्यांनी अक्षरं म्हटली होती, कुणी आपला फोन नंबर सांगावा तशी.

"काय म्हणालात आबा?"

"चालतंय का बघ."

तिनं मोबाइलमध्ये बघितलं. शब्द होता. कसल्याशा कांद्यासारख्या झाडाचं नाव, खोकल्याच्या औषधात वापरतात.

"तुम्हाला कसं माहीत?"

"लेबलावर होतं. खोकल्याच्या बाटलीच्या, दुसऱ्या ओळीत. दर दोन महिन्यांनी यायचं ते काम."

"आणि अर्थ माहीत होता?"

"अर्थ औषधवाल्याला माहीत. माझ्याकडे नुसती अक्षरं यायची."

आबा छापखान्यात जुळारी होते. एकेका अक्षराचा शिशाचा खिळा हातानं उचलून ओळ जुळवायची, असं काम त्यांनी एकेचाळीस वर्षं केलं. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजीतलं एक वाक्य त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. पण छापखान्यात निम्मं काम इंग्रजीच असायचं: औषधांची लेबलं, बियाणांच्या याद्या, हत्यारांची माहितीपत्रकं, पावत्या. हस्तलिखित समोर लावायचं आणि बोटं चालवायची. मग कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले, छापखाना बंद झाला आणि आबा घरी बसले. त्याला आता सहा वर्षं झाली होती. सकाळी वर्तमानपत्र, संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चक्कर. कुणी विचारलं, "काय आबा, काय चाललंय?" तर म्हणायचे, "काही नाही. तेच चाललंय."

सूनबाईनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "जे असलेला सांगा."

"जे, यू, जे, यू, बी, ई. गोळ्यांचा पुडा."

"झेड?"

"ए, डी, झेड, ई. सुतारकामाची हत्यारं, पान चार. झेड, आय, एन, एन, आय, ए. बियाणं."

"एक्स!"

"पी, एच, एल, ओ, एक्स. तेही बियाणंच. झेंडूच्या वरची ओळ."

नवरा पक्कड हातात धरून स्टुलावर तसाच उभा राहिला. "आबा, हे सगळं इतकी वर्षं कुठे होतं?"

"कुणी विचारलं होतं?" आबा म्हणाले.

सूनबाईनं त्याच दुपारी त्यांना स्पर्धेचं विचारलं. आबांनी दोन्ही हात झटकले. "छे छे. तिथे शिकलेली माणसं येणार. मला इंग्रजी येत नाही."

"बोलायचं नाहीये आबा. फक्त जुळवायचं आहे."

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "त्या सोंगट्या इकडे आण बघू."

सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी आबांनी सोंगट्या मांडायची पट्टी उलटी फिरवून घेतली, सगळी अक्षरं डोक्यावर उभी. सूनबाईला वाटलं, चुकून झालं. तिनं सुलट केली तर त्यांनी पुन्हा उलटी केली. "आम्ही ओळ अशीच वाचायचो," ते म्हणाले. "खिळे उलटेच बसतात. सुलट अक्षरं बघितली की मला घाई होते, आणि घाईत चुका होतात."

दुसरी गंमत एम आणि ई वरून झाली. सूनबाईला पटाच्या कोपऱ्यात दोनच घरं मोकळी होती. आबा म्हणाले, "ई-एम लाव."

"आबा, एम हे अक्षर झालं. शब्द नाही."

"अक्षर कुठलं? माप आहे. परिच्छेद सुरू करताना एक एम जागा सोडायची. त्याच्या निम्मं एन. तोही चालेल बघ, ई-एन."

मोबाइलनं आबांच्या बाजूनं कौल दिला. दोन अक्षरांचे दोन शब्द, आणि ती इतके महिने खेळत असून तिला पत्ता नव्हता!

आबांनी एक वही आखली. पानभर चौकोन, प्रत्येक चौकोन एका अक्षराचा. छापखान्यातली खिळ्यांची पेटी अशीच असायची, खणाखणांची. इंग्रजीत ई फार लागतो म्हणून त्याचा खण सुपाएवढा, आणि क्यूचा बिचारा काडेपेटीएवढा, कडेला. आता वहीत मात्र त्यांनी क्यू, झेड, एक्स आणि जेला मोठी घरं दिली. "खेळात हेच भाव खाणार," ते म्हणाले. रोज सकाळी ते एकेक जुनं काम आठवायचे. डोळे मिटायचे, बोटं हवेत खुडल्यासारखी हलायची आणि शब्द वहीत उतरायचा. संध्याकाळी सूनबाई कामावरून आली की त्यांतले काही मोबाइलमध्ये बघून त्यांना अर्थ सांगायची. आबांना शब्द आठवण्यापेक्षा यातच जास्त मजा यायला लागली.

"हा पी-एच-एल-ओ-एक्स म्हणजे फूल आहे आबा. हे बघा."

मोबाइलवर गुलाबी फुलांचा गच्च झुबका होता. आबा बराच वेळ बघत राहिले. "फूल होय! वीस वर्षं छापलं. मला वाटायचं, फवारायचं औषध आहे."

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वाचनालयाच्या पायऱ्यांशी येऊन थांबले. आत सोळा जोड्या, टेबलं, पाण्याचे जग, हळू आवाजातलं इंग्रजी. "सूनबाई," ते म्हणाले, "तुला एकटीला नाही का खेळता येणार?"

"जोड्यांची स्पर्धा आहे आबा. एकटी गेले तर निम्मीच घेतील मला."

आबांना हसू आलं आणि पायऱ्या चढून झाल्या.

पहिल्या दोन फेऱ्या कशा निघाल्या ते कळलंच नाही. तिसरी उपांत्य. समोर दोन बहिणी होत्या, दोघीही वकील. प्रतिस्पर्ध्याचा शब्द खोटा वाटला तर हरकत घेता येते. मग ग्रंथपाल जाडजूड शब्दकोश उघडून निवाडा करतात. शब्द नसेल तर लावणाऱ्याची खेळी गेली, असेल तर हरकत घेणाऱ्याची. वकील भगिनींना हा नियम फारच आवडलेला दिसत होता. त्यांनी सकाळपासून अकरा हरकती घेतल्या होत्या आणि नऊ जिंकल्या होत्या.

थोरलीनं आबांच्या पट्टीकडे बघितलं. "काका, तुमची अक्षरं उलटी लागलीत."

"मला अशीच सुलट दिसतात," आबा म्हणाले. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि धाकटीनं ओठ दाबून हसू आवरलं.

खेळ शेवटाकडे आला तेव्हा सूनबाई आणि आबा सव्वीस गुणांनी मागे होते आणि क्यू त्यांच्याच पट्टीवर येऊन बसला होता. सूनबाईनं मनात वहीचा क्यूचा खण धुंडाळला. एकही शब्द बसेना. कशाला ए नाही, कशाला आर नाही. तेवढ्यात आबांनी हात पुढे केला आणि एकेक सोंगटी पटावर ठेवली. क्यू, यू, ओ, आय, एन. शेवटची सोंगटी गुण तिप्पट करणाऱ्या लाल घरावर टेकली. बेचाळीस गुण.

हा शब्द वहीत नव्हता.

"हरकत!" दोघी बहिणी एकदम म्हणाल्या. थोरली समजुतीच्या सुरात पुढे म्हणाली, "काका, तुम्हाला नाणं म्हणायचंय ना? ते सी नं सुरू होतं."

"नाणं नाही," आबा म्हणाले. "पाचर."

"कसली पाचर?"

आबा खुर्चीत ताठ झाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा झाला. "सगळ्या ओळी जुळवून झाल्या की त्या लोखंडी चौकटीत बसवायच्या. पण नुसत्या बसवून चालत नाही, उचलली की सगळे खिळे जमिनीवर. म्हणून कडेनं पाचरी घालायच्या आणि चावीनं आवळायच्या. त्या पाचरीचं हे नाव. पाचरींच्या खोक्यावर लिहिलेलं असायचं. रोज संध्याकाळी मी ते खोकं बंद करून फळीवर ठेवायचो."

ग्रंथपालांनी पानं उलटली, बोट फिरवलं, चष्मा सरकवला. "शब्द आहे," ते म्हणाले. "अर्थही हाच दिलाय. यांनी जरा जास्तच चांगला सांगितला."

बहिणींची खेळी गेली आणि तिच्यासोबत सामनाही गेला. उठताना धाकटीनं आबांशी हात मिळवला. "काका, तुमच्यासारखा साक्षीदार आम्हाला एकदा मिळायला हवा," ती म्हणाली.

अंतिम फेरीत समोर होत्या निवृत्त प्राध्यापिका. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या, पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. जोडीला त्यांचे यजमान, जे फक्त गुणांची बेरीज करायचे आणि मधूनमधून बायकोला पाणी द्यायचे. बाई फार छान खेळत होत्या. पण सूनबाईही आता रंगात आली होती. तिनं एक झेड आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत असा बसवला की बाईंनी मान डोलावून दाद दिली. शेवटच्या काही खेळ्या उरल्या तेव्हा फरक होता जेमतेम एकवीस गुणांचा, बाई पुढे.

आणि आबांनी सूनबाईचं मनगट धरलं. "सातही जातायत," ते कुजबुजले.

सातही सोंगट्या एका खेळीत लावल्या की वर पन्नास गुण मिळतात. सकाळपासून हे कुणालाच जमलं नव्हतं. आबांनी शब्द पट्टीवर जुळवून दाखवला: एम, ई, एन, टी, एच, ए, एल. जागाही मोकळी होती. शेवटचा एल वरून उतरलेल्या शब्दाच्या टोकाला बेमालूम बसत होता.

सूनबाईच्या मनात काहीतरी टोचलं. दवाखान्यात अशाच नावाचं काहीसं दातांच्या औषधांवर असायचं. पण ती स्पेलिंग कधी बघत नसे. "नक्की ना आबा?"

"मलमाच्या डबीचं झाकण आहे हे. गोल. मधल्या ओळीत मोठ्या अक्षरांत. वर्षाला दहा हजार, सतरा वर्षं. झोपेतून उठवलंस तरी सांगेन."

सूनबाईनं सोंगट्या लावल्या. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उठून येऊन उभी राहिली. कुणीतरी टाळी वाजवली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पटाकडे बघत राहिल्या.

"मला माफ करा हं," त्या संकोचून म्हणाल्या, "पण बघून घेऊ या का?"

ग्रंथपालांनी शब्दकोश उघडला. बोट खाली आलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं. "मेन्थॉल आहे," ते म्हणाले. "पण त्यात एच नंतर ओ आहे. ए असलेला नाही."

"असं कसं?" आबा म्हणाले. "परत बघा."

ग्रंथपालांनी शब्दकोशच त्यांच्यासमोर धरला. आबांनी तो फिरवून उलटा केला, वाचला, मग सुलट करून वाचला. ओ म्हणजे ओच होता.

सोंगट्या उचलाव्या लागल्या. पुढच्या दोन खेळ्यांत बाईंनी सामना संपवला. सूनबाईला वाईट वाटलं, पण तिचं लक्ष गुणांकडे नव्हतंच, ते आबांकडे होतं. आबा मोकळ्या पट्टीकडे टक लावून बसले होते.

"त्या मलमवाल्याचं अक्षर फार गिचमिड होतं," ते हळूच म्हणाले. "ओ ला शेपूट काढायचा. मी ए वाचला. पहिल्या वेळी वाचला आणि मग वाचलंच नाही, हातानंच लावत गेलो. दहा गुणिले सतरा... एक लाख सत्तर हजार डब्या, सूनबाई! आणि कुणी एक चकार शब्द काढला नाही."

"निळं झाकण होतं का हो?" बाईंनी विचारलं.

आबांनी मान वर केली. "हो. निळं."

"कडेनं पानांची वेलबुट्टी?"

"बत्तीस पानं. त्या नक्षीचा ब्लॉक मीच बसवायचो."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ती डबी कायम माझ्या पर्समध्ये असायची! पेपर तपासून डोकं भणभणलं की लावायचे. एवढी वर्षं मुलांच्या स्पेलिंगच्या चुका लाल शाईनं काढत होते, आणि कपाळाला मात्र चूक चोळत होते!"

यजमानांना पाणी पिता पिता ठसका लागला. ग्रंथपाल शांततेची पाटी मागे असतानाही मोठ्यानं हसले. आबा क्षणभर गोंधळले, मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि बघता बघता ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटले. सूनबाईनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"पण बाई," जरा सावरल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, "गुण आला होता ना?"

"अगदी पाच मिनिटांत!"

"मग झालं तर."

पहिलं बक्षीस होतं काचेचा टी-सेट. दुसरं बक्षीस, नवाकोरा शब्दकोश. आबांनी तो घेताना आधी कागद चिमटीत धरून बघितला, मग बांधणी, मग समास. "टी-सेटपेक्षा हे बरं," परतीच्या रस्त्यावर ते म्हणाले. "तुला चालेल ना?"

"कप आहेत आपल्याकडे," सूनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी वहीतला शब्दन् शब्द शब्दकोशाशी ताडून बघितला. दोनशे साठ शब्दांत नऊ चुकीचे निघाले. प्रत्येक चुकीपाशी ते त्या त्या गिऱ्हाइकाच्या अक्षराला नावं ठेवायचे आणि मग प्रामाणिकपणे म्हणायचे, "पण मीही विचारायला हवं होतं." वही संपली तशी त्यांनी शब्दकोशच पहिल्या पानापासून वाचायला घेतला. अर्थासाठी नव्हे. ओळीखाली पट्टी धरून, प्रूफ तपासतात तसा. मुलगा म्हणाला, "आबा, त्यात काय चूक सापडणार? मोठमोठ्या विद्वानांनी केलाय तो."

"जुळवला कुणीतरी असेलच ना," आबा म्हणाले.

अठराव्या दिवशी, पान दोनशे अकरावर, एका शब्दाच्या अर्थात त्यांना एकच छोटासा शब्द लागोपाठ दोनदा छापलेला सापडला. त्यांनी पट्टी सरकवून पुन्हा वाचलं. दोनदाच होता. त्यांनी शर्ट बदलला, शब्दकोश कापडी पिशवीत घातला आणि दहा मिनिटं चालून प्राध्यापिकाबाईंच्या दाराची बेल वाजवली.

बाईंनी पान बघितलं. मग आबांकडे बघितलं. आत जाऊन लाल पेन आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. "मान तुमचा."

आबांनी जास्तीच्या शब्दावर रेघ मारली आणि समासात गाळण्याची खूण काढली, शेपटीसकट, जशी छापखान्यात काढायचे. बाईंनी तोवर टेबलावरचा टी-सेट बाजूला सारून पट उघडला होता.

दवाखान्यात फोन वाजला तेव्हा सूनबाई एका पेशंटचं नाव लिहून घेत होती.

"मी आहे," आबा म्हणाले. "जेवायला थांबू नका. मला जरा उशीर होईल."

"काय झालं आबा? कुठे आहात?"

"बाईंकडे. एकोणीस गुणांनी पुढे आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "ठेवतो आता. बाई माझ्या सोंगट्या बघतायत."